नगरपंचायत आली, गावसभा गेली

(अर्धापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



नगराच्या घडणीत स्थानिक लोकांचा आणि व्यापाऱ्यांचा सहभाग कसा असावा, या विषयावर मी बोलावे अशी आपण आज्ञा केली आहे. विषय वरवर निरुपद्रवी आहे. लोकसहभाग नको असे उघडपणे म्हणणारा मंत्री, अधिकारी किंवा कारखानदार मला आजवर भेटलेला नाही. जो शब्द सत्ताधाऱ्याला गोड लागतो आणि सत्ताहीनालाही गोड लागतो, त्याचा अर्थ दोघांच्या मनात एकच असेल असे मानण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा वेळी तीन प्रश्न विचारण्याची खोड असते. निर्णय कोण घेतो, खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो? हे तीन प्रश्न आज आपण आपल्या अर्धापूरच्या संदर्भात विचारू या.

अलीकडच्या काळात आपल्या तालुक्याच्या गावांतून एक शब्द फार रुजला आहे. तो शब्द म्हणजे सुशोभीकरण. चौकाचे सुशोभीकरण, तलावाचे सुशोभीकरण, स्मशानभूमीचेसुद्धा सुशोभीकरण. त्याचा नमुना ठरून गेलेला आहे. सिमेंटची कमान, रंगीत फरशी, मध्ये कारंजे, एक उंच दिव्याचा खांब आणि उद्‌घाटनाची कोनशिला. कारंजे पहिल्या उन्हाळ्यात आटते. कोनशिला तेवढी टिकते.

मराठवाड्यातल्याच एका गावी मी बाजाराचे नवे ओटे पाहिले होते. बांधकाम पक्के होते. त्यात खोट काढण्यासारखे नव्हते. परंतु ओटे कमरेइतके उंच, त्यामुळे डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला वर चढता येईना. त्यांचे तोंड पश्चिमेला, त्यामुळे बाजार भरायच्या वेळी तिसऱ्या प्रहरचे ऊन थेट भाजीवर. आणि खेड्यापाड्यांतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकाची पायवाट दुसऱ्याच अंगाने जाणारी. परिणाम असा झाला की ओटे रिकामे राहिले आणि बाया पूर्वीसारख्याच रस्त्याच्या कडेला बसल्या. मग गावातले शहाणे लोक म्हणू लागले की, या लोकांना शिस्त कशी ती नाहीच. ओटे बांधण्याआधी एका तरी भाजीवालीला कोणी विचारले असते तर तिने पाच मिनिटांत ही तिन्ही उणी दाखवून दिली असती. तिला कोणी विचारले नाही, कारण तिला विचारलेच पाहिजे असा नियम नव्हता. माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यात सामावलेले आहे.

आधी जागा म्हणजे काय, हे पाहू. अभियंत्याच्या नकाशावर चौक म्हणजे अमुक चौरस मीटर क्षेत्रफळ. परंतु त्या चौकात ज्यांचे पोट आहे त्यांच्या दृष्टीने चौक म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची वर्दळ, उधारीवर माल देणारा ओळखीचा अडत्या, सावली देणारे एक झाड आणि पाण्याचा एक नळ. ज्याच्याजवळ भांडवल नाही, त्याच्याजवळ ही बसण्याची जागा हेच भांडवल असते. दुकानदार शंभर पावले सरकला तर त्याची पाटी दिसते; पाटीवाली शंभर पावले सरकली तर तिचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून जागेची घडण हा सौंदर्याचा प्रश्न असण्याआधी उपजीविकेचा प्रश्न आहे.

आपल्या शेजारच्या लातूरची गंजगोलाई आपण सर्वांनी पाहिलेली आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि १९१७ साली, म्हणजे निजामी राजवटीत, गोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, आणि भोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर चपला-जोडे, कुठे मिरची, कुठे गूळ. शंभर वर्षे उलटून गेली तरी ती जागा जिवंत आहे. याचे श्रेय केवळ वर्तुळाच्या भूमितीला देता येणार नाही. व्यापार कसा चालतो, गिऱ्हाईक कुठून येते आणि कोणता माल कोणत्या मालाशेजारी शोभतो, याचा हिशेब त्या आराखड्यात होता. तो आराखडा राजसत्तेच्या आज्ञेने झाला हे खरे. मग आज लोकसत्तेच्या काळात त्याहून कमी विचाराने आपण बाजार का बांधावेत, असा प्रश्न मला पडतो.

आता अर्धापूरकडे वळू. हे गाव आजचे नव्हे. येथील केशवराजाचे मंदिर आणि बल्लाळ राजाचा शिलालेख या गावाचे जुनेपण सांगतात. परंतु आज दूरदूरच्या बाजारपेठांत अर्धापूरचे नाव पोहोचले आहे ते केळीमुळे. ऊर्ध्व पैनगंगेच्या आणि विहिरींच्या पाण्यावर पोसलेली केळी इथून गाड्या भरून जाते. तिच्याभोवती शेतकरी आहे, घड कापणारा मजूर आहे, गाडी भरणारा हमाल आहे, व्यापारी आहे, मालमोटारीचा चालक आहे आणि या सर्वांना चहा-भाकरी पुरवणारी टपरी आहे. या माणसांनी गावाची बाजारपेठ घडवली आहे. त्यांच्या कामाची वेळ, त्यांच्या गाड्या उभ्या राहण्याची जागा, त्यांच्या विसाव्याची सोय यांचा विचार न करता या गावाचा चौक ‘सुंदर’ करावयाचा म्हटले, तर तो कोणासाठी?

ही माणसे आपले म्हणणे मांडणार कोठे? इथे मला एका हानीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ती हानी इतकी निमूटपणे झाली की आपल्यापैकी पुष्कळांना तिची जाणीवही झाली नसेल. अर्धापूर ही ग्रामपंचायत होती तोवर इथल्या प्रत्येक मतदाराला गावसभेत बसण्याचा अधिकार होता. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले आणि आपल्या राज्याच्या कायद्याने वर्षातून किमान चार सभा भरवण्याचे बंधन घातले. त्या सभा नीट भरत होत्या असा माझा दावा नाही. कित्येक ठिकाणी सह्यांची वही घरोघर फिरून सभा ‘भरे’. तरीसुद्धा सरपंचाला भर सभेत उभे करून, ‘या कामाचा हिशेब दाखव’, असे म्हणण्याचा कायदेशीर हक्क अगदी भूमिहीन मजुरालाही होता.

पुढे २०१४ मध्ये तालुक्याच्या गावांतील ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे धोरण राज्यशासनाने स्वीकारले. अर्धापूरही नगरपंचायत झाले. आपण त्याचे स्वागतच केले, कारण मोठा निधी येईल, रस्ते होतील, गावाला शहराचा मान मिळेल अशी आशा होती. निधी थोडाफार आलाही. परंतु त्याच दिवशी गावसभा गेली. सतरा नगरसेवक, एक मुख्याधिकारी आणि बंद दाराआडची सभा, एवढेच उरले. ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्यांची सक्ती केली ती तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती. म्हणजे खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे, महानगरातल्या माणसाला निदान कागदावर वॉर्ड समिती आहे. आणि मधल्या अर्धापूरच्या माणसाच्या वाट्याला पाच वर्षांतून एकदा मत एवढेच. गाव मोठे झाले आणि गावकरी लहान झाला.

याला इलाज नाही असे कोणी समजू नये. केरळने १९९४ च्या आपल्या नगरपालिका कायद्यात लहान शहरांसाठी वॉर्डसभेची तरतूद केली आणि १९९६ पासूनच्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना-खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. आपल्याकडे केंद्राच्या शहर नूतनीकरण अभियानाने लोकसहभागाचा कायदा करण्याची अट राज्यांना घातली होती. त्या अटीपोटी महाराष्ट्रातही २००९ साली नागरी संस्थांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. कायदा झाला, अट पूर्ण झाली, निधी मिळाला. क्षेत्रसभा मात्र प्रत्यक्ष भरलेली क्वचितच कोणी पाहिली असेल.

त्याच अभियानाचे काम आपण नांदेडला जवळून पाहिले आहे. अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले आणि २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. नांदेडसारख्या मागास विभागातल्या शहराची अभियानात निवड झाली, गुरुद्वारा परिसराचे, रस्त्यांचे, गोदावरीच्या घाटांचे काम झाले. ते काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. शहराचा चेहरा त्याने पुष्कळ बदलला. परंतु पैसा वरून आला, मुदत सोहळ्याच्या तारखेने ठरवली आणि आराखडे सल्लागारांनी केले. जिथे तारीख आधी ठरते तिथे लोकांना विचारायला वेळ उरत नाही, आणि न विचारण्याची ही सवय सोहळा संपला तरी संपत नाही. शिवाय १९९९ साली नगरपालिकांची जकात गेल्यापासून लहान नागरी संस्था बव्हंशी शासनाच्या अनुदानावर जगतात. ज्याच्या पैशावर संस्था चालते त्याच्याकडे तिचे तोंड असते. आपल्या नगरसेवकांची पावले मतदारांपेक्षा मुंबईकडे अधिक वळतात, यात त्यांच्या स्वभावाइतकाच या अर्थव्यवस्थेचाही दोष आहे.

न विचारता बांधणे आणि विचारून बांधणे यांतला फरक मराठवाड्याने एका भयंकर प्रसंगी पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे मजबूत झाली, परंतु आखणी सरळ रेषांची, शहरी वसाहतीसारखी. रुंद रस्ते, दूर दूर घरे. दारातला ओटा, शेजाऱ्याशी लागून असलेली भिंत, बायकांनी दुपारी जमण्याची बोळ, जनावरे बांधण्याची जागा, यांना त्या नकाशात फारसे स्थान नव्हते. आणि घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमिनीच्या मालकीवरून. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे! भूकंपाने क्षणभर सर्वांना एका पातळीवर आणले होते. नकाशाने पुन्हा पायऱ्या बांधून दिल्या.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग होता तो घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा. त्यात पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिला गेला आणि काम त्याने स्वतः करवून घेतले. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. सिमेंटचा हिशेब, वाळूची प्रत, गवंड्याचे काम त्या तपासू लागल्या. ज्या बायका चावडीची पायरी चढत नव्हत्या त्या अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असे जे सांगितले जाते त्याला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

इथपर्यंत मी ‘लोक’ हा शब्द एकवचनी असल्यासारखा वापरला. तो तसा नाही, हे समाजवादी कार्यकर्त्याने क्षणभरही विसरू नये. स्थानिक समाज म्हणजे सुखाने नांदणारे एक कुटुंब नव्हे. त्यात जात आहे, धर्म आहे, मालमत्ता आहे, स्त्री-पुरुष भेद आहे. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे सार्वजनिक झाले, परंतु तिथे कोणाला पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने सार्वजनिक होऊ लागले. त्यावर ‘स्थानिक समाजा’ने काय केले? अस्पृश्यांना मारहाण केली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निर्णय लागायला १९३७ साल उजाडले.

त्या दिवशी महाडात स्थानिक सहभागाचे मतदान घेतले असते तर निकाल काय लागला असता हे सांगायला नको. म्हणून नुसता सहभाग पुरत नाही. ज्याचा आवाज दाबला जातो त्याची खुर्ची नियमाने राखून ठेवावी लागते.

व्यापाऱ्यांच्या सहभागाचा विचारही याच कसोटीवर करायला हवा. व्यापारी म्हटला की तो आपला शत्रू, अशी एक सोपी समजूत आपल्यांत आहे. मी ती मानीत नाही. भाड्याच्या गाळ्यात बसलेला किराणा दुकानदार, शिलाई यंत्र घेऊन ओट्यावर बसलेला शिंपी, सायकल दुरुस्त करणारा कारागीर हे सगळे व्यापारीच आहेत आणि त्यांची घरे याच बाजारावर चालतात. प्रश्न असा आहे की व्यापाऱ्यांच्या नावाने बोलतो कोण? परदेशांत याचा एक प्रकार रूढ आहे. कॅनडातील टोरांटो शहराच्या ब्लूअर वेस्ट व्हिलेज भागात १९७० साली व्यापाऱ्यांनी आपल्या रस्त्याच्या सुधारणेसाठी स्वतःवर जादा पट्टी बसवून घेतली आणि कायद्याने मंडळ स्थापन केले. पुढे अशी मंडळे अमेरिकेत आणि इतरत्र पसरली. रस्ते स्वच्छ झाले, दिवे लागले, हे मान्य केले पाहिजे. स्वतःच्या पैशाने सार्वजनिक काम करण्याची वृत्तीही वाखाणण्यासारखी आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी या मंडळांत मताचे वजन मालमत्तेवरून ठरते. मग मंडळाचा पहारेकरी पहिल्यांदा हटवतो तो फेरीवाल्याला आणि बेघराला. आपल्याकडे चौक ‘दत्तक’ देऊन त्यावर कंपनीची पाटी झळकवण्याची जी पद्धत आली आहे, ती याच रस्त्याची पहिली पायरी आहे. देणगीदाराला मान जरूर द्यावा. चौकाची मालकी देऊ नये.

इथे लाभाचा प्रश्न येतो. समजा, नगरपंचायतीने सार्वजनिक पैशातून बाजारपेठेचा रस्ता चांगला केला, गटार झाकले, दिवे लावले. गिऱ्हाईक वाढले. दुसऱ्या वर्षी गाळ्यांचे भाडे वाढते आणि भोवतालच्या जमिनीचा भाव चढतो. ही वाढ जमीनमालकाने कमावलेली नाही. ती समाजाच्या खर्चातून आणि दुकानदार-फेरीवाल्यांच्या श्रमातून निर्माण झाली. अर्थशास्त्र तिला अनर्जित वाढ म्हणते. तिचा एकही पैसा नगरपंचायतीच्या तिजोरीत परतला नाही आणि उलट वाढत्या भाड्याने जुना दुकानदारच उठला, तर त्या सुधारणेने बाजार सुधारला असे कसे म्हणावे? म्हणून सार्वजनिक सुधारणेच्या आधी भाडेकरू दुकानदाराचे संरक्षण आणि सुधारणेनंतर मालमत्ता कराची न्याय्य फेरआकारणी, या दोन मागण्या आपण एकत्रच केल्या पाहिजेत. या मुद्द्यावर लहान व्यापारी आपल्याबरोबर येईल. मात्र त्याला आपण आजवर कधी बोलावलेच नाही.

एक कायदा असा आहे की जो व्यापारी आणि फेरीवाला यांना एका मेजाभोवती बसवतो. तो म्हणजे २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यानुसार नागरी संस्थेत नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. बाजार संघटनांचे, व्यापारी संघटनांचे आणि रहिवाशांचे प्रतिनिधीही तिच्यात बसतात. दर पाच वर्षांनी पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथे विक्रेते बसत आले आहेत अशा नैसर्गिक बाजाराला वारसा-बाजार म्हणून घोषित करण्याची तरतूदही या कायद्यात आहे. मराठवाड्यातले किती आठवडी बाजार या व्याख्येत बसतील, याचा विचार करा. ही समिती म्हणजे आपल्या हाती असलेले, परंतु म्यानातच राहिलेले हत्यार आहे.

आणखी एक उदाहरण समाजवाद्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात कामगार पक्षाची सत्ता आल्यावर १९८९ पासून शहराच्या अंदाजपत्रकातील विकासकामे वस्तीवस्तीच्या सभांत ठरू लागली. कोणत्या वस्तीला आधी पाणी, कुठे आधी रस्ता, हे लोक ठरवीत, आणि गरीब वस्त्यांना अग्रक्रम मिळे. हा प्रयोग जगभर गाजला. पुणे महानगरपालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. फरक असा की पोर्तो अलेग्रेत सभा होती, पुण्यात अर्ज आहे. अर्ज एकट्याने भरायचा असतो. त्यात दुसऱ्याची गरज ऐकून आपली मागणी मागे घेण्याचा प्रसंग येत नाही. आणि पोर्तो अलेग्रेचा दुसरा धडा आपल्यासाठी अधिक कडू आहे. २००४ साली त्या पक्षाची तिथली सत्ता गेली आणि पुढे तो उपक्रम क्षीण होत गेला. जे पक्षाच्या सदिच्छेवर उभे असते ते पक्षाबरोबर जाते. सभेचा अधिकार कायद्यातच हवा, मग सत्तेवर आपण असू वा आपले विरोधक.

यावर आक्षेप घेतले जातात. सभा भरवली की भांडणे होतात, कामे रेंगाळतात, निधी परत जातो. हे आक्षेप खोटे नाहीत. मीही अशा सभांत बसलो आहे जिथे तीन तासांत एक गटारही मार्गी लागले नाही. परंतु रिकाम्या ओट्यांवर गेलेला पैसा आणि दर दोन वर्षांनी उखडून पुन्हा बसवलेली फरशी यांचा हिशेब मांडला तर विचारण्याचा उशीर स्वस्त पडतो. आणि भांडणाचे म्हणाल, तर ते बाजारात असतेच. सभेत आले तर त्याचा निवाडा होऊ शकतो. सभा नसेल तर तो निवाडा गुत्तेदार आपल्या सोयीने करतो.

तेव्हा अर्धापूरपुरते आपण काय करावयाचे? सरकारने सभा दिली नाही म्हणून हात जोडून बसायचे कारण नाही. सतराही वॉर्डांत आपण मोहल्लासभा भरवू. ती आपल्या पक्षाची सभा असणार नाही. ती वॉर्डातल्या सर्व मतदारांची असेल आणि नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला निमंत्रण जाईल. निदान एक सभा केवळ स्त्रियांची असावी, आणि तिच्यात स्वच्छतागृह, दिवे, बसण्याची जागा हे विषय आधी यावेत. कारण बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईची पहिली अडचण पुरुषांच्या सभेत कधीच पहिली येत नाही. सभेचे ठराव लेखी करून नगरपंचायतीत आवक करून घ्यावेत आणि पोच जपून ठेवावी.

दुसरे असे की, पथविक्रेता समिती आणि सर्वेक्षण यांची स्थिती काय आहे, हे लेखी विचारावे आणि विक्रेत्यांची नोंद आपणही करावी. तहबाजारीची पावती प्रत्येकाला मिळते की नाही, तिच्यावर किती रक्कम असते आणि त्या रकमेतून बाजारात काय सोय होते, हेही विचारावे. तिसरे, माहितीचा अधिकार २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक कामांची माहिती न मागता जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. प्रत्येक कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक काम सुरू होण्याआधी त्या चौकातच मराठीत आणि उर्दूत लावले जावे, अशी मागणी करावी. चौथे, राज्यपातळीवर आपल्या पक्षाने एकच गोष्ट लावून धरावी. प्रत्येक नगरपंचायतीत आणि लहान नगरपालिकेत वॉर्डसभा सक्तीची करा, आणि तिच्या संमतीशिवाय त्या वॉर्डातील सार्वजनिक जागेच्या कामाला मंजुरी देऊ नका.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि आपण निजामाची रयत होतो ते नागरिक झालो. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने जो लढा दिला तो केवळ झेंडा बदलण्यासाठी नव्हता. रयतेला अर्ज करता येतो. नागरिकाला सभेत उभे राहून जाब विचारता येतो. तो अधिकार अर्धापूरकराला १९४८ नंतर हळूहळू मिळत गेला आणि गावाला शहराचा दर्जा देताना तो काढून घेण्यात आला. तो परत मिळवण्याचे काम मोठ्या मोर्चाने सुरू होईल असे मला वाटत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी आपल्यापैकी दहा जणांनी वही घेऊन बाजारात जावे. कोण कुठे बसते, किती वर्षे बसते, पाणी कुठून आणते, ऊन कुठून येते, एवढे विचारून लिहून घ्यावे. गावाचा खरा नकाशा त्या वहीत तयार होईल. तो घेऊन मग आपण नगरपंचायतीच्या दारात जाऊ, आणि आपल्याबरोबर ती भाजीवालीही असेल.